थापटणे आणि आतला हात



संतचरित्रांतील कथा आपण कीर्तनात वारंवार ऐकतो. ऐकता ऐकता त्या इतक्या ओळखीच्या होतात की त्यांतला प्रश्न स्वतःला विचारायचा राहूनच जातो. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या मस्तकावर थापटणे मारून मडकी पारखली, ही अशीच एक कथा. कीर्तनकार ती रंगवून सांगतो, श्रोते हसतात, विठ्ठलनामाचा गजर होतो आणि कथा पुढे सरकते. या लेखात आम्ही तीच कथा जरा थांबून पाहणार आहोत.

त्याला कारण आहे. आज आपल्या धाराशिव जिल्ह्यात काय किंवा उभ्या महाराष्ट्रात काय, माणूस माणसापासून तुटत चालला आहे. एकाच गावात, एकाच पाराखाली वाढलेल्या, गळ्यात एकच तुळशीची माळ असलेल्या दोन घरांत बोलणे बंद झालेले दिसते. अशा वेळी 'आपण सगळी एका विठ्ठलाची लेकरे' एवढे म्हणून भागत नाही. ते खरे कशावरून, आणि वारी संपवून गावी आल्यावर ते चालवायचे कसे, हे कळायला पाहिजे. आमच्या मते गोरोबाकाकांनी ते सांगून ठेवले आहे, आणि मातीच्या भाषेत सांगितले आहे.

तेरची माती

धाराशिवच्या ईशान्येस तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. काकांची समाधी तेथेच नदीकाठी आहे. चैत्र वद्य त्रयोदशी ही काकांची पुण्यतिथी. शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७ साली ते समाधिस्थ झाले, असे परंपरा मानते.

पण तेरची माती काकांच्याही फार आधीची आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेला 'पेरिप्लस' नावाचा एक ग्रंथ आहे. समुद्रावरून व्यापार करणाऱ्यांसाठी तो लिहिला गेला. त्यात 'तगर' नावाच्या नगराचा उल्लेख येतो. पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे हे नगर. तेथून तऱ्हेतऱ्हेचे कापड गाड्यांत भरून, नीट रस्ताही नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराकडे जाई. हे तगर म्हणजेच आपले तेर, असे फ्लीट नावाच्या संशोधकाने १९०१ साली मांडले. पुढे उत्खनने झाली आणि जुन्या वस्तूंनी त्याला पुष्टी दिली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात जमवलेल्या वस्तूंतून उभे राहिलेले शासकीय वस्तुसंग्रहालय आजही तेरला पाहायला मिळते.

तेरचे त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे असून फार प्राचीन आहे. त्याची मागची बाजू अर्धगोल आहे. तेवढ्यावरून अनेक अभ्यासक म्हणतात की ते मूळचे बौद्ध चैत्य असावे. धाराशिव गावाजवळच्या लेण्यांत जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. भूम तालुक्यातले कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तेथेच देह ठेवला. तुळजापूरला आई भवानी बसली आहे, आणि धाराशिव शहरात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांचा दर्गा आहे. त्याच्या उरुसाला हिंदूही जातात, मुसलमानही जातात.

हे सारे आम्ही मोठेपणा मिरवायला सांगत नाही. सांगायचे ते एवढेच की, ही भूमी कधी एकट्याची नव्हती. आपण जेथे 'हे फक्त आमचे' म्हणून पाय रोवतो, त्याच्या खाली दुसऱ्या कोणाच्या तरी भक्तीचा थर आहे. मातीचा धंदा करणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही. तो रोज खणतो, त्याला ते रोज दिसते.

मडक्याची पारख

आता कथेकडे वळू. संतमंडळी काकांच्या घरी जमली होती. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव, मुक्ताबाई होती, नामदेवराय होते, आणखी संत होते. काका सर्वांत वडील, म्हणून तर सगळ्यांचे काका. तेथे पडलेले लाकडी थापटणे पाहून लहानग्या मुक्ताबाईने विचारले की हे कशाला वापरतात. काका म्हणाले, मडके पक्के की कच्चे ते याने कळते. मुक्ताबाई म्हणाली, मग आमची मडकीही बघा. काका उठले आणि एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत चालले. सगळे शांत राहिले. नामदेवरायांना मात्र ते सोसले नाही, त्यांना अपमान वाटला. काकांनी निवाडा दिला की एवढे एक मडके कच्चे आहे.

यात तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, तेथे बसले होते कोण. ज्यांच्या आईबापांना समाजाने वाळीत टाकले अशी ब्राह्मणाची चार मुले, एक शिंपी, आणि घर एका कुंभाराचे. प्रश्न विचारला वयाने सर्वांत लहान असलेल्या मुलीने. पारख केली कुंभाराने. आणि ज्ञानदेवांसारख्या ज्ञानियाने आपले मस्तक निमूटपणे त्या थापटण्यापुढे धरले. कोणी म्हटले नाही की तू कोण आम्हाला पारखणार! जातीची उतरंड त्या ओसरीवर उलटीसुलटी होऊन गेली, आणि त्यासाठी कोणाला भाषण करावे लागले नाही.

दुसरी गोष्ट, कच्चे कोण निघाले. ज्याच्या हातचा नैवेद्य देव प्रत्यक्ष खातो अशी ख्याती, तो नामदेव. म्हणजे भक्ती कमी होती म्हणून नव्हे. परंपरा सांगते की 'मी देवाचा लाडका' हा अभिमान आत राहिला होता. विठ्ठल 'माझा' आहे, एवढ्यावर गाडी अडली होती. विठ्ठल सर्वांचा आहे, समोरच्यातही आहे, हे अजून अंगी मुरले नव्हते. बघा, भेद नेहमी वाईट माणसापासूनच सुरू होतो असे नाही. चांगल्या गोष्टीवरच्या 'माझे'पणातूनही तो सुरू होतो. माझा देव, माझी जात, माझे गाव, माझा इतिहास. यांतले प्रेम खोटे नसते. पण त्याला आच लागलेली नसते, म्हणून पाणी भरले की ते फुटते.

तिसरी गोष्ट, कच्चे ठरल्यावर पुढे काय झाले. संतांनी नामदेवांना मेळ्यातून काढले नाही, आणि नामदेवांनीही वेगळा मेळा काढला नाही. ते रागावले, पंढरीला जाऊन देवापाशी रडले, पण शेवटी औंढ्या नागनाथाला जाऊन विसोबा खेचरांचे पाय धरले. कच्चे मडके भट्टीत गेले. आणि तेच मडके सर्वांत दूरवर पोचले. नामदेवराय पंजाबात गेले, तेथे घुमानला त्यांचे वास्तव्य झाले, आणि शीखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आजही पूजली जातात. मराठवाड्याच्या मातीतला संत दुसऱ्या धर्माच्या ग्रंथात जाऊन बसला. आतला 'माझा' गळाल्याशिवाय हे घडते काय?

आतला हात

येथे एक शंका कोणी काढील. ती रास्त आहे. कोणी म्हणेल, "महाराज, तुम्ही म्हणता थापटणे सोसावे. मग ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मारच खाल्ला, त्यांना तुम्ही आणखी सोसायला सांगता काय?"

नाही. याचे उत्तर कुंभाराच्या कामातच आहे. कुंभार मडके घडवताना नीट पाहा. चाकावरून काढलेले ओले मडके तो थापटण्याने ठोकून मोठे करतो. पण बाहेरून थापटणे मारताना त्याचा दुसरा हात मडक्याच्या आत असतो. त्या हातात दगडी गोळा असतो, आणि जेथे बाहेरून थाप पडते तेथेच आतून आधार असतो. आतला हात काढून नुसते बाहेरून मारा, मडके बसलेच म्हणून समजा.

तात्पर्य असे की, थापटणे मारण्याचा अधिकार त्यालाच, ज्याचा दुसरा हात आत आहे. काकांनी नामदेवांना कच्चे म्हटले, पण त्यांना घरी बोलावून, जेवू घालून, आपल्यात बसवून म्हटले. आज आपण एकमेकांच्या जातीवर, धर्मावर, पुढाऱ्यांवर थापा मारतो. पारावर मारतो, सभेत मारतो, आणि हातातल्या मोबाईलवर तर रात्रंदिवस मारतो. पण आतला हात कोठे आहे? ज्याच्या घरी आपण कधी पाणी प्यालो नाही, ज्याच्या मयतीला गेलो नाही, त्याच्या दोषांची पारख करायला आपण निघतो. ही पारख नव्हे, ही तोडफोड झाली. आणि ज्याच्यावर नुसते घावच पडले त्याला 'तू कच्चा' म्हणणे हा तर संतांच्या कथेचा उलटा अर्थ झाला.

पायाखालची माती

काकांची दुसरी कथा सर्वांना ठाऊक आहे, आणि ती अंगावर काटा आणणारी आहे. काका चिखल तुडवीत होते. नामात तल्लीन होते. त्यांची पत्नी पाण्याला गेली होती, आणि रांगते मूल त्या चिखलात आले. काकांना भान नव्हते. मूल पायाखाली तुडवले गेले. पुढे देवाच्या कृपेने ते बाळ परत मिळाले, असे चरित्र सांगते. परंपरेने या कथेत काकांची तल्लीनता पाहिली, आणि ते योग्यच आहे. देहभान हरपणे म्हणजे काय, हे याहून ठळक कोठे दिसणार?

पण आम्हाला त्या माऊलीचा टाहोही ऐकू येतो. कथा त्या टाहोला दडपत नाही. पत्नीच्या दुःखाचा मान राखला गेला, आणि अखेर पंढरीच्या कीर्तनात तिचे बाळ तिला मिळाले, तेव्हाच ती कथा पूर्ण झाली. यातून आम्ही एक बोध घेतो. एखादा समाज आपल्या नादात, आपल्या उत्सवात, आपल्या अभिमानात इतका रंगतो की पायाखाली कोणाचे लेकरू आले हे त्याला कळत नाही. नाद खोटा नसतो, हेतू वाईट नसतो. तरी लेकरू जाते. म्हणून ज्याचे लेकरू गेले त्याचा टाहो आधी ऐकावा, मग टाळ वाजवावेत.

चोखोबांचे उदाहरण घ्या. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना ते भिंतीखाली सापडून गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी बांधवली. समाधी दारात झाली, पण चोखोबांच्या जातभाईंना दार उघडायला १९४७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी १ मे पासून साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, आणि दहा दिवसांनी ते सुटले. सहाशे वर्षे टाळ वाजत होते. 'सगळे एकच' हेही सारे म्हणत होते. दार मात्र बंद होते. म्हणून समतेची गोष्ट बोलताना आधी दार पाहावे, आपल्या गावचे कोणते दार अजून बंद आहे ते पाहावे.

जिल्ह्याचे घाव

आपल्या जिल्ह्याने फाटाफूट काही कमी भोगलेली नाही. निजामाच्या राज्यात असताना रझाकारांनी गावे लुटली, जाळली. माणसे घरदार टाकून बार्शी-सोलापूरकडे गेली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाले. त्यानंतर सूडाची लाट आली आणि ज्यांचा काही अपराध नव्हता अशा मुसलमान कुटुंबांनाही ती भोगावी लागली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच साली पाहणी केली, तेव्हा सर्वांत जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या जिल्ह्याचे नाव आले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण गावात बहुधा एकच सांगितली जाते. एका गल्लीत पहिली, दुसऱ्या गल्लीत दुसरी. ज्याला दोन्ही ऐकवतात आणि दोन्ही ऐकून ज्याचे डोळे भरतात, त्याला आम्ही पक्के मडके म्हणू.

जिल्ह्याच्या नावाचेही तसेच. शेवटचे निजाम उस्मान अली खान यांच्या नावावरून आलेले उस्मानाबाद हे नाव जाऊन २०२३ साली शासनाने धाराशिव हे नाव अधिकृत केले, आणि २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. कोणाला आनंद झाला, कोणाला वाईट वाटले. नाव ठरले, तो निर्णय मान्य करावा. पण शेजाऱ्याला खिजवायला ते नाव घेणारा त्या नावाचाही मान राखीत नाही. त्याच २०२३ सालापासून आरक्षणाच्या प्रश्नावरून मराठवाड्यातल्या गावागावांत मराठा आणि ओबीसी समाजांत ताण आला. कोणाची मागणी किती न्याय्य, हे शासन आणि न्यायालये ठरवतील. ते या मासिकाचे काम नव्हे. पण मागणीपायी एकमेकांच्या दुकानाची पायरी चढणे सोडायचे, लग्नाचे आमंत्रण तोडायचे, हे कोणत्या न्यायात बसते?

आणि एक रात्र विसरू नका. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून माणसे उशिरा झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. लातूर जिल्ह्यातली किल्लारी आणि आपल्याकडची सास्तूरसारखी गावे दगडमातीच्या रुंद भिंतींखाली गाडली गेली. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या दिवशी ढिगारा उपसणाऱ्या हातांनी आत कोणत्या जातीचा आहे हे विचारले नाही. पुढे नवी गावे वसली, तेव्हा ज्याची जमीन जास्त त्याला मोठे घर, ज्याची कमी त्याला लहान, असा नियम झाला: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. भुईने एका क्षणात सर्वांना सारखे केले होते. माणसांनी पुन्हा मोजमाप सुरू केले. संकटातली एकी पुरत नाही, बंधुभगिनींनो. ती आच आहे खरी, पण मडके भाजून निघायला आच धरून ठेवावी लागते, आणि ते काम रोजच्या आचरणाचे आहे.

गावात काय करावे

येथे कोणी म्हणेल, वारकऱ्याने या भानगडीत कशाला पडावे? आपले नाम, आपली एकादशी, आपली वारी बरी. पक्षाच्या राजकारणापुरते आम्हालाही ते मान्य आहे. पण शेजाऱ्याशी तुटलेले बोलणे जोडणे हे राजकारण नव्हे, ते साधनच आहे. वारीत आपण लहानमोठा न पाहता एकमेकांच्या पाया पडतो, ओळख नसलेल्याला 'माउली' म्हणतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्या संतमालिकेत आहेत. तुकोबांची पालखी देहू सोडताना अनगडशाह फकिराच्या स्थानापाशी थांबते, ही रीत आजही चालू आहे. हे सगळे वाटेवर करायचे आणि गावच्या वेशीवर सोडून द्यायचे, तर वारी कशासाठी केली?

म्हणून आम्हाला चार गोष्टी सुचतात.

एक. कोणी आपल्या जातीला, धर्माला टोचून बोलले की लगेच उत्तर देऊ नये. नामदेवरायांना थापटणे का लागले ते आठवावे. बोलणे खोटे असेल तर दुसऱ्या दिवशी शांतपणे त्याच्याच घरी जाऊन सांगावे. खरे असेल तर ऐकावे.

दोन. आतला हात आधी, थापटणे मागाहून. ज्या घराविषयी आपल्या मनात किंतु आहे, त्या घरी आजारपण असेल, मयत असेल, पीक बुडाले असेल, तर आपण होऊन जावे. हे महिन्यातून एका घरी केले तरी वर्षाला बारा घरे होतात. एका पाराला तेवढी पुष्कळ झाली.

तीन. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा पायाखाली पाहावे. दिंडी कोणत्या गल्लीत जात नाही? पंगतीत कोण शेवटी बसते? भांडी कोण घासते? वर्गणी सर्वांकडून घेतो, पण विचारायला सर्वांना बोलावतो का? पुढच्या सप्ताहात दिंडी त्या गल्लीतून न्यावी, आणि वीणा तिकडच्या माणसाच्या गळ्यात घालावी. आयाबहिणींनाही नुसते पोळ्या लाटायला न बोलावता, बैठकीत बसवावे.

चार. काल्याचा अर्थ धरावा. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या. देवाने त्या वेगळ्या काढल्या नाहीत. काल्याच्या दिवशी दही-लाह्या एकाच घरून न आणता घराघरांतून मूठ मूठ आणाव्यात. कोणाची मूठ कोणती, हे मग कोणाला सांगता येणार नाही.

यांतले काहीच अवघड नाही, आणि पैसा तर मुळीच लागत नाही. लागतो तो थोडा कमीपणा घेण्याचा गुण. तो येईल कोठून? नामातूनच येईल. नाम घेताना 'मी' जितका झिजेल, तितके हे सोपे होईल. आणि हे करून पाहाल तितके नामही गोड लागेल. दोन्ही एकमेकांना धरून आहेत.

कधी तेरला गेलात तर समाधीपुढे मस्तक ठेवताना क्षणभर थांबा. काकांचे थापटणे आपल्या माथ्यावर पडते आहे, असे समजा. शेजारच्या गल्लीतल्या माणसाची मनात राहून गेलेली एखादी अढी त्या वेळी आठवली, तर घरी परतल्यावर पहिले काम ती सोडवण्याचे करा. पंढरीराया सर्वांना तशी बुद्धी देवो.

राम कृष्ण हरी.